रिंगची फट काय सांगते?

सायकलला हवा भरायचा जुना पंप कधी उघडून पाहिला आहे का? दांड्याच्या टोकाला चामड्याचे, वाटीच्या आकाराचे वॉशर असते. दांडा खाली दाबला की हवेचाच दाब त्या वाटीच्या कडा बाहेर ढकलतो आणि त्या नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतात. जितका दाब जास्त तितकी पकड घट्ट. वॉशर वाळून आकसले की पंप 'फुसका' होतो. मग सायकलवाला नळीत थोडे तेल सोडतो आणि पंप लगेच हवा धरू लागतो. तेलाने वॉशर मऊ होते हे खरेच, पण त्याआधी ते वॉशर आणि भिंत यांमधल्या बारीक फटी भरून काढते.

मोटारीच्या इंजिनातला पिस्टन हे याच पंपाचे लोखंडी भावंड. फरक एवढाच, की तिथे चामडे टिकणार नाही. म्हणून पिस्टनच्या अंगावर खाचा पाडून त्यांत बिडाच्या कड्या बसवतात. यांना आपण सगळेच रिंग म्हणतो. रिंग एका ठिकाणी कापलेली असते. मोकळी असताना तिचा व्यास सिलिंडरपेक्षा थोडा मोठा असतो, आणि ती दाबून आत बसवली की स्प्रिंगप्रमाणे भिंतीवर रेटा देत राहते. ब्रिटिश रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी अशा रिंगा वापरात आणल्या. स्प्रिंगचा हा रेटा तसा किरकोळच असतो. खरा जोर येतो तो पेटलेल्या वायूचा. वायू खाचेत शिरून रिंगच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीवर दाबतो. पंपाच्या वॉशरचेच तत्त्व!

आता जुन्या गाडीकडे वळू. उदाहरणासाठी फोर्ड कंपनीची मॉडेल टी घेतो, कारण तिचे इंजिन इतके उघडे आणि सरळ आहे की ते पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातली आकृती वाटावे. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटीहून अधिक बनल्या. इंजिन तर सुट्या विक्रीसाठी १९४१ पर्यंत बनत होते. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास पावणेचार इंच म्हणजे ९५.२५ मिमी, आणि पिस्टनची धाव चार इंच म्हणजे १०१.६ मिमी. गुणाकार करून पाहा. एकूण आकारमान सुमारे २,९०० घनसेंटिमीटर येते. एवढ्या मोठ्या इंजिनाची ताकद मात्र फक्त २० अश्वशक्ती, तीही मिनिटाला १,६०० फेऱ्यांना. आजची लहान मोटारही याच्या निम्म्याहून कमी आकारमानात तिप्पट ताकद देते.

या गाड्या अजून हजारोंनी चालत्या आहेत, मुख्यतः अमेरिकेत. मालकापुढे कधी ना कधी प्रश्न येतो : इंजिन धूर मारते, चढावर दम टाकते, तर आता काय करायचे? वर्कशॉपचे ठरलेले उत्तर असते, 'बोअर करून टाकू.' म्हणजे चारही सिलिंडर कापून मोठे करायचे आणि मोठ्या मापाचे नवे पिस्टन घालायचे. अडचण अशी की कापलेले बीड परत येत नाही. शंभर वर्षांपूर्वी ओतलेल्या ब्लॉकच्या भिंतीला जाडी ठरावीकच असते. यापूर्वी दोनदा बोअर झाले असेल, तर तिसरा कट कदाचित शेवटचा ठरेल. म्हणून आधी मोजायचे, मग ठरवायचे. मोजायला फार महागडी साधने लागत नाहीत हे या लेखात दाखवायचे आहे.

मोजण्याआधी वर्गात विचारण्यासारखा एक प्रश्न. पिस्टन वर-खाली पळतो. सर्वांत वर आणि सर्वांत खाली तो क्षणभर थांबतो, मधोमध त्याचा वेग सर्वाधिक असतो. मिनिटाला १,६०० फेऱ्या असतील तर सरासरी वेग सेकंदाला ५.४ मीटर आणि मध्यावरचा वेग त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. तर मग सिलिंडर सर्वांत जास्त कुठे झिजेल? बहुतेक विद्यार्थी म्हणतील, मध्ये. घासण्याचा वेग तिथे जास्त ना!

प्रत्यक्षात झीज सर्वांत जास्त होते ती वरच्या टोकाला, वरची रिंग जिथे थांबून उलटी फिरते तिथे. खाली जावे तशी ती कमी होत जाते. सिलिंडर त्यामुळे किंचित नरसाळ्यासारखा होतो. त्याच्याही वर, जिथपर्यंत रिंग पोचतच नाही, तिथे मूळ मापाचा एक अरुंद पट्टा शिल्लक राहतो. झिजलेला भाग आणि हा पट्टा यांमध्ये एक पायरी तयार होते. हेड उघडल्यावर नख भिंतीवरून खालून वर सरकवले की ते या पायरीला अडते. नुसत्या नखाने होणारी ही पहिली तपासणी.

वर झीज जास्त का? कारण एकच नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. रिंग आणि भिंत यांच्यात तेलाचा पातळ थर असतो. रिंग वेगाने सरकत असताना ती तेल आपल्याखाली ओढून घेते आणि त्या थरावर तरंगते, ओल्या रस्त्यावर गाडीचे चाक पाण्यावर तरंगते तशी. जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक याने १९०२ मध्ये बेअरिंगवर केलेल्या मोजमापांतून हे स्पष्ट झाले, की वेग कमी झाला, भार वाढला किंवा तेल पातळ झाले की थर पातळ होतो, आणि शेवटी धातू धातूला भिडतो. वरच्या टोकाला या तिन्ही गोष्टी एकदम घडतात. पिस्टन थांबतो म्हणून वेग शून्य. नेमका तेव्हाच स्फोट होतो म्हणून रिंगच्या पाठीवरचा दाब सर्वाधिक. आणि तिथली भिंत सर्वांत गरम म्हणून तेल पाण्यासारखे पातळ. तळाशीही पिस्टन थांबतो, पण तिथे ना दाब असतो ना तेवढी उष्णता.

चौथे कारण रसायनशास्त्राचे आहे. पेट्रोल जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनते हे आपण शिकवतो, पण पाणी किती? ऑक्टेन उदाहरण म्हणून घेतले तर ११४ ग्रॅमपासून १६२ ग्रॅम पाणी मिळते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! गरम इंजिनात ते वाफेच्या रूपात धुराड्यातून निघून जाते. थंड इंजिनात मात्र भिंतीवर दव धरते, त्यात जळणातली आम्ले विरघळतात आणि बिडाला गंज चढतो. पुढच्या धावेला रिंग तो गंज खरवडून काढते, नवे बीड उघडे पडते, त्यालाही गंज लागतो. सिलिंडरच्या झिजेत घासण्याइतकाच या गंजण्याचाही वाटा आहे, हे १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या संशोधनातून पुढे आले. मॉडेल टी मध्ये थर्मोस्टॅट नाही आणि पाण्याचा पंपही नाही. गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि रेडिएटरमधून थंड होऊन खाली येते, एवढ्यावर सारे अभिसरण. थंडीच्या दिवसांत दोन-चार मैलांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन धड गरम होतच नसे. वर्षातून चार वेळा मेळाव्यापुरती काढून परत झाकून ठेवलेली गाडी आज याच दुखण्याने झिजते. ती कमी चालते म्हणून इंजिन चांगले असणार, ही समजूत सोडून द्यावी.

आणि धूळ. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवरून ही गाडी धावली ती एअर फिल्टरशिवाय. ऑइल फिल्टरही नाही, ऑइल पंपही नाही. फ्लायव्हील तेलात बुडून फिरते, तेल उडवते, त्यातले काही एका नरसाळ्यात पडून नळीने पुढे जाते आणि कनेक्टिंग रॉड आपापल्या पन्हळीत बुडून तेच तेल वर शिंपडतात. तेलात वाळूचा कण असेल तर तोही शिंपडला जातो. उभे, सरळ ओरखडे दिसले की ही धुळीची सही समजावी.

तपासणीची सुरुवात इंजिन न उघडता करता येते. पण गाडी बरीच वर्षे उभी असेल तर हँडल मारण्याची घाई करू नये. रिंगा गंजून भिंतीला धरलेल्या असतात आणि जोर लावला की बिडाची रिंग मोडते, कधी पिस्टनची कडही जाते. प्लगच्या भोकांतून गंज सोडवणारे तेल टाकून काही दिवस वाट पाहावी आणि मग हलक्या हाताने मागे-पुढे हलवून पाहावे.

इंजिन फिरत असेल तर पुढची पायरी कंप्रेशनची. इग्निशन बंद, हँडब्रेक ओढलेला, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडे. एका भोकात दाबमापक लावून हँडल फिरवायचे. किती दाब दिसायला हवा? इथे बारावीचे गणित उपयोगी पडते. उत्तरकाळच्या मॉडेल टी चे दाबगुणोत्तर ३.९८, आपण ४ धरू. हवा अगदी सावकाश, तापमान न बदलता दाबली तर बॉइलच्या नियमाने दाब चौपट होईल. वातावरणाचा एक वजा केला की मापकावर दर चौरस इंचाला सुमारे ४४ पौंड. उलट, उष्णता अजिबात बाहेर न जाता दाबली तर ४ चा १.४ वा घात, म्हणजे सुमारे सातपट. मापकावर ८८ पौंड. खऱ्या इंजिनात थोडी उष्णता भिंतीत जाते, थोडी हवा निसटते, आणि इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावर थोड्या उशिराच बंद होतो. म्हणून निरोगी इंजिनाचा आकडा या दोन मर्यादांच्या मध्ये, खालच्या मर्यादेच्या जवळ पडतो. आकडा ४४ च्या बराच खाली गेला तर कुठेतरी गळती आहे. मात्र आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक जास्त बोलका असतो. तिघे सारखे आणि एक पडलेला असेल तर दोष त्या एकाचा. पूर्वीच्या मालकांना मापकाची गरज नसे. हँडलच्या दोन फेऱ्यांत हाताला चार 'गचके' लागतात, त्यांतला एखादा मऊ लागला की कळायचे.

गळती रिंगांतून आहे की व्हॉल्व्हमधून? इथे सायकलच्या पंपाची युक्ती कामी येते. भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचे, ते पिस्टनवर पसरू द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. आकडा वर चढला तर तेलाने रिंगांच्या फटी भरल्या, म्हणजे दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह पाहावेत. मॉडेल टी चे व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे तेल त्यांच्या बाजूलाही जाऊ शकते. या चाचणीचा कौल म्हणूनच इथे शंभर टक्के मानू नये. धुराचेही तसेच. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे एवढे नक्की, पण ते रिंगांवरून वर आले की व्हॉल्व्हच्या बाजूने आत ओढले गेले, हे धूर सांगत नाही.

आता हेड उघडायचे. मॉडेल टी चे हेड पंधरा बोल्टांनी बसवलेले असते. त्या काळच्या अनेक इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकसंध ओतलेले असत, त्यामुळे आत डोकावणे हेच मोठे काम असे. फोर्डने हेड सुटे केले आणि खेड्यातल्या शेतकऱ्यालाही स्वतःचे इंजिन उघडता येऊ लागले. एक सावधगिरी : जुन्या गॅसकेटमध्ये तांब्याच्या पत्र्याखाली ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे खरवडू नये. ओले करून, मास्क लावून काढावे. खालून तेलाच्या चेंबरचे तपासणीचे झाकण काढले की रॉड सुटतात आणि पिस्टन वरून बाहेर येतो. पायरी ठळक असेल तर ती आधी कापावी लागते, नाहीतर पिस्टन ओढताना रिंगा तिच्यात अडकतात. कोणता पिस्टन कुठल्या सिलिंडरचा, त्याचे तोंड कुठे होते, याची खूण आतल्या बाजूला करून ठेवावी. सगळे पिस्टन एका टोपल्यात टाकले की निम्मा पुरावा गेला.

पिस्टनकडे पाहूनच बरेच कळते. रिंगची बाहेरची कड सगळीकडे सारखी चकचकीत असेल तर ती भिंतीला पूर्ण टेकत होती. मध्ये काळपट डाग असतील तर तिथून वायू निसटत होता. रिंग खाचेत कार्बनने चिकटली असेल तर ती स्प्रिंगचे काम करणारच नाही. अशा वेळी सिलिंडर ठणठणीत असूनही कंप्रेशन पडलेले असते, आणि इलाज फक्त साफसफाईचा. हे न पाहता बोअर करणे म्हणजे नाक बंद झाले म्हणून फुप्फुसाचे ऑपरेशन! पिस्टनच्या दोन बाजूही सारख्या झिजत नाहीत. स्फोटाच्या वेळी रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेटला जातो. वर जाताना तो समोरच्या भिंतीवर रेटला जातो, पण तेव्हा दाब बराच कमी. परिणामी सिलिंडर एका दिशेने जास्त खातो आणि लंबगोल होतो.

आणि आता ती फट. रिंग पिस्टनवरून काढून एकटीच सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने ती सरळ खाली ढकलायची, आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. फीलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक मेकॅनिककडे असतो. मुळात ही फट ठेवतातच का? ९५ मिमी व्यासाच्या रिंगचा परीघ सुमारे ३०० मिमी. बीड दर अंशाला एक कोटी भागांत सुमारे ११० भाग वाढते. रिंग भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त गरम झाली तर ती ०.३३ मिमी लांबेल. तेवढी जागा नसेल तर टोके एकमेकांवर आपटतील आणि रिंग भिंतीत रुतेल. कारागिरांचा जुना नियम आहे, व्यासाच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ. पावणेचार इंचाला हे ०.२९ ते ०.३८ मिमी येते. नियम आणि गणित किती जवळ आले पाहा.

समजा, सिलिंडरच्या तळाशी, जिथे झीज जवळपास नसते, फट ०.४० मिमी भरली. तीच रिंग वर आणून पायरीच्या लगेच खाली बसवली, तर फट १.१० मिमी. रिंगची लांबी तर बदललेली नाही. वाढलेला ०.७० मिमी हा सिलिंडरचा वाढलेला परीघ. त्याला ३.१४ ने भागले की व्यासातली वाढ ०.२२ मिमी. रिंग स्वतः झिजलेली असली तरी फरक पडत नाही, कारण ती दोन्ही ठिकाणी तेवढीच झिजलेली आहे. फीलर गेजने ०.०५ मिमीपर्यंत फट कळली तर व्यास ०.०१६ मिमीपर्यंत कळतो. शाळेतला व्हर्निअर कॅलिपर ०.०२ मिमीवर थांबतो. 'पाय' या संख्येने फुकटात केलेले हे विवर्धन आहे.

ही पद्धत कुठे फसते तेही मुलांना शोधू द्या. रिंग परीघ मोजते, त्यामुळे ती फक्त सरासरी व्यास सांगते. लंबगोलपणा तिला दिसत नाही. त्यासाठी खालून दिवा धरून रिंग आणि भिंत यांमधून उजेड येतो का ते पाहतात, किंवा बोअर गेजने तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन काटकोनी दिशांनी मापे घेतात.

वर्गात हाच प्रयोग पाण्याच्या पाइपच्या तुकड्यावर होतो. ताठ प्लॅस्टिकची पट्टी पाइपच्या आत गोल बसवा, टोकांत फट राहील अशी कापा आणि फट मोजा. मग पाइपच्या आत कागदाचा एक वेढा घालून पट्टी पुन्हा बसवा. शंभर कागदांच्या गठ्ठ्यावरून एका कागदाची जाडी काढा, ती बहुधा ०.१ मिमीच्या आसपास येईल. एका वेढ्याने व्यास ०.२ मिमीने घटतो आणि फट ०.६ मिमीने. पाच वेढे घातले की तीन मिमीहून जास्त, म्हणजे साध्या फूटपट्टीवर दिसण्याइतकी. वेढे आणि फट यांचा आलेख सरळ रेषेत यायला हवा. येत नसेल तर कागद भिंतीला नीट बसलेला नाही.

मोजून झाल्यावर निर्णय. व्यासातली वाढ जेमतेम एखाद्या दशांश मिमीपर्यंत असेल आणि लंबगोलपणा फारसा नसेल, तर माझे मत असे की बोअर करू नये. पायरी कापावी, होनिंगच्या दगडांनी भिंतीवर तिरक्या रेघांची बारीक जाळी काढावी आणि नव्या रिंगा टाकाव्यात. या रेघा तेल धरून ठेवतात. पायरी कापायला मात्र विसरू नये. जुन्या रिंगचा वरचा कोपरा पायरीबरोबर झिजून गोल झालेला असतो, नवीचा कोपरा चौकोनी असतो. ती पहिल्याच फेरीत पायरीवर आपटते आणि मोडते. वाढ ०.२२ मिमी असलेल्या वरच्या उदाहरणात नव्या रिंगाही खाली-वर जाताना दर फेरीला ०.७ मिमी उघड-मीट करतील आणि खाचा झिजवतील. तिथे बोअर करावे लागेल, किंवा भिंत पातळ असेल तर लायनर घालून मूळ माप परत आणावे.

बोअर केल्यावर पिस्टन कोणते, हा वाद मॉडेल टी वाल्यांत रंगतो. मूळ पिस्टन बिडाचे होते. आज मिळणारे बहुधा ॲल्युमिनियमचे, वजनाला हलके, त्यामुळे बेअरिंगवरचा भार कमी करणारे. पण ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावते. पिस्टनचे अंग १०० अंशांनी आणि भिंत ८० अंशांनी तापली असे धरा. भिंतीचा व्यास ०.०८ मिमीने वाढेल, बिडाचा पिस्टन ०.१० ने आणि ॲल्युमिनियमचा ०.२१ ने. म्हणजे बिडाच्या पिस्टनची मोकळीक फक्त ०.०२ मिमीने कमी होते आणि ॲल्युमिनियमची ०.१३ ने. बिडाच्या हिशेबाने बोअर केलेल्या सिलिंडरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन घातला तर पहिल्या लांब चढावर इंजिन जाम होईल. म्हणून नवे पिस्टन आधी हातात घ्यायचे, त्यांचे माप मायक्रोमीटरने घ्यायचे, आणि ते कागदावर लिहून त्या कागदासकट ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवायचा.